हळदीच्या टिळ्याची फौज

सेक्टर बावीसचा बाजार मागे पडला तेव्हा मी श्रीनिवासरावांना पुन्हा म्हटलं, "आता तरी ऑटो करू या. तुमच्या गुडघ्यांचा आवाज मला इथपर्यंत येतोय."

"ऑटोने लगेच पोहोचू, वहिनी."

"मग चांगलंच की."

"म्हणून नको," ते म्हणाले आणि चालत राहिले.

माणूस ज्या जागी जायला आसुसलेला असतो त्याच जागी पोहोचायला भितो, हे मला त्या दिवशी त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. दहा पावलं झपाझप टाकायचे आणि मग एकदम मंद व्हायचे. उजवा हात सतत शर्टाच्या खिशावर. एक सरदारजी फिरायला निघाले होते, त्यांनी थांबून विचारलं, "अंकलजी, छाती में दर्द है?" श्रीनिवासरावांनी मान हलवून नाही म्हटलं. खिशात दुखणं नव्हतं, एक बोटभर उंचीचा प्लॅस्टिकचा शिपाई होता.

मार्च लागला होता. आमच्या साताऱ्याकडे पानं गळतात ती थंडीत. इथे चंदीगडला होळीच्या तोंडावर गळतात, आणि रस्तेच्या रस्ते भरून जातात. त्या पानांवरून आम्ही दोघं सेक्टर सतरामधून निघून पंचवीसमधल्या मजुरांच्या कॉलनीकडे चाललो होतो. श्रीनिवासरावांचा मुलगा ध्रुव बऱ्याच वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता, तो त्या कॉलनीत असेल अशी त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा आशा लागली होती.

श्रीनिवास हुपरीकर हे नाव चंदीगडच्या मराठी मंडळात बहुतेकांना माहीत आहे. गणपतीत मखराचं विजेचं काम त्यांचंच. जवळच्या पिंजौरच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये होते. कारखाना बंद पडला, मग चंदीगडला लागूनच असलेल्या मोहालीला सोसायटीत फ्लॅट घेतला. माझे यजमान विश्वास इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये लॅबला आहेत, त्यांची आणि श्रीनिवासरावांची जुनी ओळख. त्यांच्या पत्नी शैलजाताई माझ्यासारख्याच साताऱ्याकडच्या, म्हणून माझं जास्त त्यांच्याशी. शैलजाताई आता नाहीत. त्या असत्या तर मी हे लिहिलं नसतं. श्रीनिवासरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिहा. मला चांगला करून मात्र लिहू नका."

ध्रुव लहान असताना पिंजौरला व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायच्या. शनिवारी मारधाडीचा इंग्रजी सिनेमा आणायचा आणि बापलेकांनी जमिनीवर पालथं पडून बघायचा, हा त्यांच्या घरचा नेम. त्या सिनेमांवरून केलेले शिपाई, कमांडो, कराटेवाले, काळा चष्मा लावलेले पोलीस असे छोटे बाहुले तेव्हा सेक्टर सतरामधल्या एका दुकानात यायचे. पुठ्ठ्यावर चिकटवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा, त्यात बाहुला, शेजारी त्याची इवलीशी बंदूक. पगार झाला की श्रीनिवासराव एक आणायचे. ध्रुव पुठ्ठा टराटरा फाडायचा.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची ही आपली रीत. श्रीनिवासराव पान्हे, कानस, व्हर्नियर असं सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचे आणि शैलजाताई हळदकुंकू लावायच्या. एका वर्षी ध्रुवने आपले सगळे शिपाई आणून त्याच पाटावर ओळीने उभे केले. इथल्या शाळेत जाणारी आपली मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, तसाच तो. म्हणाला, "आई, इनको भी लगाओ ना. इनके पास भी तो गन है."

शैलजाताई हसून म्हणाल्या, "तुझ्या कमांडोला सुवासिनीसारखी हळद?"

"तो बाबा के पान्हे को क्यों लगाती हो?"

शैलजाताईंनी काडीच्या टोकाने प्रत्येकाच्या कपाळावर हळद टेकवली. मग दर वर्षीच तसं होऊ लागलं. कुंकू पुसलं जायचं. हळद प्लॅस्टिकमध्ये मुरली आणि राहिली. माझ्याकडे त्या पाटाचा एक फोटो आहे, पण त्यात शैलजाताईंचा हात आणि ध्रुवचे गुडघेच आलेत.

ध्रुव मोठा झाला, कॉलेजात गेला. शिपाई एका पत्र्याच्या डब्यात गेले. आणि मग उलटच झालं, खेळ बापाला लागला. कारखाना बंद पडल्यावर रिकाम्या वेळात श्रीनिवासरावांना इंटरनेटवर कळलं की असले जुने बाहुले जमवणारी माणसं जगभर आहेत. त्यांनीही जमवायला सुरुवात केली. त्या लोकांमध्ये एक नियम असतो, तो मला त्यांनीच समजावला. बंद पुठ्ठ्यातला, कधी न उघडलेला बाहुला म्हणजे खरी वस्तू. उघडला की त्याचं मोल गेलं. खेळलेला, डाग पडलेला, म्हणजे जवळजवळ कचराच. त्यांच्या हॉलमध्ये काचेचं कपाट आलं, त्याला कुलूप आलं, आत रांगेने बंद पुठ्ठे. शैलजाताई त्यांना बाहुले म्हणायच्या, आणि ते प्रत्येक वेळी सुधारायचे.

"बाहुले नाहीत गं, फिगर म्हण."

"बरं, फिगर. लता, ये, बस. आमच्या घरात माझी नाही, यांचीच फिगर राहिली आहे."

एकदा मी काचेवर बोट ठेवून काहीतरी विचारलं, तर श्रीनिवासरावांनी खिशातून रुमाल काढून माझ्या बोटाचा ठसा पुसला. शैलजाताई म्हणाल्या, "सवतीला हात लावू नको बाई, मालक चिडतात." आम्ही हसलो. त्या काळात त्या घरात हसणं होतं.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते असं कितीतरी घरांत झालंय. ध्रुवला मोहालीत आयटीत चांगली नोकरी होती. मोटरसायकलवरून पडला, पाठ दुखायची, वेदनेच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या सुटल्या नाहीत. मग गोळ्यांनी भागेना, आणि पंजाबात जे पांढरं पीठ मिळतं ते सुरू झालं. नोकरी गेली. आईच्या बांगड्या गेल्या, देवघरातली चांदीची निरांजनं गेली. शैलजाताईंनी पितळेची लावली आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. दोनदा उपचारांना ठेवला, दोनदा बरा होऊन आला, दोनदा परत तिथेच.

मी माझ्या देवघरातल्या दत्ताला रोज सांगत होते. सांगून काय झालं, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. तरी सांगत होते.

ज्या दिवशी तो गेला त्या दिवसाबद्दल आम्हाला इतकंच माहीत होतं की बाहुल्यांवरून बापलेकांचं वाजलं आणि तो निघून गेला. पोलिसांत दिलं. ते म्हणाले, मोठा माणूस आहे, आपल्या पायांनी गेलाय. श्रीनिवासराव लुधियाना, अमृतसर, दिल्ली सगळीकडे जाऊन आले. गुरुद्वाऱ्यांच्या लंगरच्या पंगतींत चेहरे बघत हिंडले. हळूहळू शैलजाताईंनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. भांडण नव्हतं. जेवायला वाढायच्या, औषध द्यायच्या, आणि नजर दुसरीकडे. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस, आणि बाकीचे दिवस दाराकडे तोंड करून पलंगावर. दाराची कडी दिवसा लावू द्यायच्या नाहीत.

श्रीनिवासराव जुन्या खेळण्यांच्या लोकांत जात राहिले. लोक नावं ठेवायचे, मुलगा गेला तरी यांचा शौक सुटत नाही. मलाही तसंच वाटायचं. त्या रविवारी कळलं की ते का जात होते.

रविवारी सकाळी सेक्टर सतरामध्ये असे जमवणारे काही लोक भेटतात, वस्तूंची अदलाबदल करतात. इंद्रजित नावाचा एक तरुण सरदार त्यांच्यात आहे. त्याने आदल्या संध्याकाळी फोनवर त्याच्याकडे नव्याने आलेल्या वस्तूंचे फोटो टाकले होते. त्यांतल्या एका शिपायाच्या कपाळावर पिवळा ठिपका होता. श्रीनिवासरावांनी तो फोटो शैलजाताईंना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांशी नेला, मग माझ्याकडे निरोप पाठवला. मी गेले तर म्हणाल्या, "लता, उद्या यांच्याबरोबर जा. पाय लटपटतात यांचे. आणि काय असेल ते मला तू सांग. हे काय सांगतील त्याचा मला भरवसा नाही."

इंद्रजितने पायरीवर एक चादर पसरून वस्तू मांडल्या होत्या. श्रीनिवासरावांनी इकडेतिकडे न बघता तो शिपाई उचलला.

"अंकल, वो तो ऐसे ही ले जाओ," इंद्रजित म्हणाला. "माथे पे दाग है. मैंने रगड़ के देखा, जाता नहीं. कमर का रबर भी टूटा हुआ है, किसी ने धागे से बाँधा है."

या बाहुल्यांच्या पोटात एक रबराची कडी असते. ती वरचं आणि खालचं अंग धरून ठेवते. काही वर्षांनी ती तुटते आणि बाहुल्याचे दोन तुकडे होतात. श्रीनिवासरावांनी शिपायाची कंबर जरा ताणून आत बघितलं. आत काळा दोरा होता.

"मी बांधलाय," ते मला म्हणाले. "शैलजाच्या शिवणाच्या डब्यातला आहे."

मग त्यांनी इंद्रजितला विचारलं, हे कुठून आलं. तो पोरगा साधा होता, खरं ते सांगितलं. पंचवीसच्या कॉलनीत कमलेश नावाची एक भंगारवाली आहे, तिच्याकडे असे पिवळ्या ठिपक्याचे बरेच होते, हा एक बरा वाटला म्हणून आणला. "बाकी तो घिसे हुए थे जी. बच्चों ने खेल-खेल के खराब कर दिए."

श्रीनिवासरावांनी शिपाई खिशात ठेवला आणि चालायला लागले.

तर असे आम्ही चाललो होतो. सेक्टर तेवीसमध्ये एका बागेच्या कठड्यावर त्यांना मी बळेच बसवलं. पाणी दिलं. त्यांनी शिपाई काढून तळहातावर ठेवला आणि अगदी उत्साहाने बोलायला लागले. इतक्या वर्षांत त्यांना मी तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

"वहिनी, हळदीचा डाग कशाने जातो?"

"उन्हाने. कपडा उन्हात टाकला की उडून जातो."

"प्लॅस्टिकवरचापण जातो. मी त्या लोकांना विचारलं होतं मागे. चार दिवस खिडकीत ठेवा म्हणाले, नाहीसा होईल. शैलजाने ठेवू दिला नाही. आता बघा, किती पिवळाधमक आहे. म्हणजे कुणीतरी याला ऊन लागू दिलेलं नाही. भंगारात पडलेली वस्तू अशी राहते का? कुणीतरी जपलंय याला. तो आहे, वहिनी. तिथेच आहे."

मी शिपायाकडे बघितलं. खरंच, ठिपका ताजा वाटत होता. मी मनात दत्ताचं नाव घेतलं आणि मलाही वाटलं, आहे.

"भेटला तर काय म्हणाल?" मी विचारलं.

त्यांनी शिपाई परत खिशात ठेवला. एक खारूताई पानांतून खसफसत गेली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी काय केलं ते शैलजालाही सांगितलेलं नाही मी. ती देवळात गेली होती. हा आतल्या खोलीतून पाठीवर ऑफिसची बॅग घेऊन निघाला. बॅगेत खडखड वाजलं. मी ओळखला तो आवाज. मी त्याला दारात अडवलं, म्हटलं, आता हेही विकणार? तो म्हणाला, ये मेरे हैं, बाबा. मी म्हटलं, चोर आहेस. परत आलास तर तुझ्या आईला दार उघडू देणार नाही."

"रागात माणूस बोलतो," मी म्हटलं.

"ते सोडा. ऐका पुढे. तो लिफ्टकडे वळला, आणि मी त्याच्यामागे गेलो नाही. मी आधी हॉलमध्ये गेलो. कपाट बघायला. किती नेले ते बघायला. कुलूप तसंच होतं. सगळे पुठ्ठे जागच्या जागी. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला, जिथे नेहमी असते तिथे. त्याला ठाऊक होतं ती कुठे असते. वहिनी, त्याला विकायचंच असतं तर त्याने ते नेले असते. पावडरीला महिनोन्‌महिने पुरले असते. त्याने काय नेलं? पत्र्याचा डबा. ज्यांना कुणी विचारत नाही ते. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती. मी जिना उतरलो. गेटवर गुरखा म्हणाला, अभी गए साहब."

मी फक्त बाटलीचं झाकण लावत राहिले.

"आधी कपाट बघितलं मी," ते पुन्हा म्हणाले. "मुलाच्या आधी."

"चला," मी म्हटलं. "आता हे त्यालाच सांगा."

चोवीस ओलांडताना ते माझ्यापुढे चालत होते. मध्येच थांबून म्हणाले, "दाढी वाढली असेल. तुम्ही ओळखाल ना? माझी नजर अलीकडे नीट नाही." आणि थोड्या वेळाने, "त्याला एकदम घरी चल म्हणायचं नाही. आधी चहा पाजू." मग आणखी काहीतरी, बहुधा आईच्या आजाराबद्दल कसं सांगायचं ते. मी हो हो म्हणत राहिले.

पंचवीसच्या कॉलनीत घरांना घरं लागून आहेत. कमलेशचं दुकान विचारत गेलो तर लगेच सापडलं. ती पन्नाशीची, धिप्पाड बाई, खाटेवर बसून तांब्याच्या तारांवरचं प्लॅस्टिक सोलत होती. श्रीनिवासरावांनी शिपाई तिच्यापुढे धरला. मी विचारलं, "ये जिसके थे, वो कहाँ मिलेगा?"

तिने शिपायाकडे बघितलं, मग श्रीनिवासरावांकडे बघत राहिली.

"आप फौजी के बाप हो?"

"फौजी?"

"हम उसको फौजी बोलते थे. इन खिलौनों के मारे. नाक आपकी ही है." तिने खाटेवर जागा केली. "बैठो बाऊजी. बीबीजी, आप भी."

आम्ही बसलो. मला वाटतं 'बोलते थे' ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. श्रीनिवासरावांना कळलं होतं की नाही माहीत नाही. ते विचारत होते, कसा आहे, कुठे आहे, काम काय करतो.

कमलेशने सावकाश सांगितलं. तो दुकानामागच्या खोलीत राहायचा. भंगारातलं प्लॅस्टिक, तांबं, ॲल्युमिनियम वेगळं करून द्यायचा. हात चांगला होता, बिघडलेला पंखा-मिक्सर दुरुस्त करून द्यायचा. व्यसन कधी सोडायचा, कधी पुन्हा धरायचा. धरलं की आठ-आठ दिवस कुणाशी बोलायचा नाही. संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांना जमवून खोलीत शिपायांची लढाई मांडायचा. "बच्चों को खेलने देता था. बोलता था, बंद पड़ा रहा तो खिलौना किस काम का."

श्रीनिवासरावांनी विचारलं, "उन्हात ठेवायचा नाही ना? धूप में?"

"धूप में? सारा दिन बाहर दीवार पे पड़े रहते थे जी."

"मग हळद? ये पीला?"

"वो तो हर साल लगाता था. दशहरे से एक दिन पहले मुझसे हल्दी माँगने आता था. नहाके. हमारे यहाँ तो ऐसा कोई करता नहीं. मैंने पूछा, ये क्या है, तो बोला, मेरी माँ लगाती है. पिछले दो दशहरे मैंने ही लगा दी, मुझे तो मंतर-वंतर आता नहीं. वो बोल के गया था अस्पताल जाते वक्त, कि कमलेश, लगा देना."

श्रीनिवासराव हातातल्या शिपायाकडे बघत होते. तो डाग जपलेला नव्हता. दर वर्षी नव्याने लावलेला होता.

त्यापुढचं तिने पटकन सांगून टाकलं, जसं इंजेक्शन देतात तसं. दाट धुक्याचे दिवस होते. छातीत कफ भरला. तो दवाखान्यात जायला तयारच नव्हता. नेला तेव्हा उशीर झाला होता. दोन दिवसांनी गेला. घरचा पत्ता कुणाकडे नव्हता. विचारलं की म्हणायचा, महाराष्ट्र में है, बहुत दूर. बेवारस लोकांचं करणारी काही सेवाभावी माणसं आहेत, त्यांनी केलं. कमलेश आणि कॉलनीतले चारजण बरोबर गेले होते. स्मशान इथेच आहे, जवळच. अस्थी त्याच लोकांनी विसर्जित केल्या. आता खोली भाड्याने द्यायची म्हणून तिने सामान काढलं, आणि तो सरदार मुलगा जुनी खेळणी विचारत आला म्हणून एक दिला.

"बहुत दूर," श्रीनिवासराव म्हणाले. मोहालीहून तिथे यायला गाडीने किती वेळ लागतो ते मी इथे लिहीत नाही.

कमलेशने आतून एक कापडी पिशवी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी उघडली नाही. तिने चहा केला. मी चहा प्यायले. त्यांचा तसाच गार झाला, साय धरली. ते रडले नाहीत. मी तरी बघितलं नाही. एकदा एवढंच म्हणाले, "आंघोळ करून लावायचा म्हणाली ना ती?" मी हो म्हटलं.

मी देवाला मानणारी बाई आहे. लोक म्हणतात, संकटात नामस्मरण करावं, धीर येतो. त्या खाटेवर मी नाम घ्यायचा प्रयत्न केला, आणि तोंडाला चव नसताना घास फिरवावा तसं ते नुसतं तोंडात फिरत राहिलं. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी मागत होते, त्यांतली निदान दोन वर्षं तो नव्हताच. ते मागणं कुठे गेलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

ऊन कलल्यावर आम्ही उठलो. कॉलनीच्या बाहेर मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा माझा फोन वाजला. शैलजाताईंचं नाव होतं. मी बघत राहिले. वाजून वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला.

श्रीनिवासरावांनी रस्त्याकडेला एका झाडाला हात टेकवला. पिशवी छातीशी धरली होती.

"उचलू नका," ते म्हणाले. "आधी ऐका."

"भाऊजी, त्यांना सांगावं लागेल."

"काय सांगाल? की तो इथे होता, आणि मी अमृतसरला शोधत होतो? डॉक्टर काय म्हणालेत ते विश्वासरावांनी तुम्हाला सांगितलंय. तिचे आता महिने राहिलेत. ती दाराकडे बघून जगते आहे. ते दार मी बंद करू?"

"मग तुम्ही काही बोलू नका. मीही नाही बोलत. सापडला नाही म्हणू."

"तिने तो डाग बघितलाय, वहिनी. ताजा आहे हे तिला माझ्याआधी कळलंय. नाही सापडला म्हटलं तर ती उद्या स्वतः निघेल, आणि कमलेशच्या खाटेवर येऊन बसेल."

फोन थांबला. समोरून एक बस गेली, पानं उडाली, पुन्हा खाली बसली.

"तिला म्हणा, भेटला. दाढी ठेवलीये म्हणा. काम करतो, पंखे दुरुस्त करतो, पोरांशी खेळतो म्हणा, तेवढं तर खरं आहे. आईला बघायला येईन म्हणाला म्हणा. मी सांगून चालणार नाही. माझ्यावर तिचा विश्वास त्या दिवसापासून नाही, आणि नसावाच." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही देवाच्या बाई आहात. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून तुम्हीच सांगा, तो आहे म्हणून."